आपण जपतो ते नक्की कधीचं?

आमच्या घरच्या ग्रुपवर गेले काही दिवस सौभद्रावरून जुंपली आहे. निमित्त एका क्लिपचं. कुठल्यातरी हौशी मंडळींनी नाटक अडीच तासात बसवलंय, निम्म्याहून जास्त पदं काढून टाकलीत, ऑर्गनच्या जागी कीबोर्ड आहे आणि दोन पदांना तर रेकॉर्डेड ट्रॅकच लावलाय. धाकटे काका भडकले, म्हणाले हा बालगंधर्वांच्या गायकीचा खून आहे, मुळात जसं होतं तसं करा नाहीतर हातच लावू नका. त्यावर मामेभाऊ म्हणाला, काका आता रात्रभर नाटक बघायला कोण बसणारे, काळाप्रमाणे बदललं नाही तर नाटकच उरणार नाही. मग आत्या उतरली, मग ठाण्याची वहिनी, मग परंपरा, संस्कृती, आजची पिढी, सगळं आलं. मी इथे नेदरलँड्समधे बसून हे वाचतेय आणि मला राहून राहून वाटतंय की दोन्ही बाजूंनी एक साधा प्रश्न सोडूनच दिलाय, की "मुळात" म्हणजे कधी? 1882 साली? 1920 साली? की काकांनी लहानपणी सांगलीला ऐकलं तेव्हा? ग्रुपवर हे चार ओळीत मावेना म्हणून इथे लिहितेय, आणि त्यासाठी मला एका डच माणसाबद्दल सांगावं लागणार आहे, टॉन कोपमन. हार्पसिकॉर्ड आणि ऑर्गन वाजवणारा, बरोक संगीताचा (म्हणजे साधारण 1600 ते 1750 च्या युरोपी संगीताचा) कंडक्टर, आता ऐंशीच्या पुढचा.

हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचं वाद्य. लांबून बघितलं तर चिंचोळा पियानोच वाटतो, पण आत हातोड्या नसतात. पट्टी दाबली की लाकडाची एक बारीक पट्टी वर उचलली जाते आणि तिला बसवलेलं टोक (पूर्वी पक्ष्याच्या पिसाचं, आता बहुतेक प्लास्टिकचं) तार छेडतं. म्हणजे तुम्ही जोरात दाबा की हळू दाबा, आवाज साधारण तेवढाच येणार. मग भाव आणायचा कुठून? तर वेळेतून. एखादा सूर केसभर उशिरा द्यायचा, चार सूर एकदम न वाजवता खालून वर उलगडायचे, एक सूर पुढच्या सुरावर थोडा रेंगाळू द्यायचा. आणि साथ करताना तर सगळं लिहिलेलंही नसतं, फक्त खर्जाच्या सुरांची एक ओळ असते आणि तिच्यावर 6, 7, 4 असे आकडे, बाकीचं वादकाने गाणाऱ्याकडे कान ठेवून तिथल्या तिथे भरायचं. चांगल्या पेटीवाल्याची साथ ज्याने ऐकलीय त्याला ही गोष्ट फार समजावून सांगावी लागत नाही, मला तरी पहिल्यांदा ऐकल्यावर हे वाद्य परकं वाटलं नाही.

कोपमन झ्वोलेचे, जन्म 2 ऑक्टोबर 1944, म्हणजे नेदरलँड्स अजून जर्मनांच्या ताब्यात होतं तेव्हाचा. ॲमस्टरडॅमला ऑर्गन, हार्पसिकॉर्ड आणि संगीतशास्त्र असं तिन्ही शिकले, आणि हार्पसिकॉर्डचे त्यांचे गुरू गुस्ताव्ह लिओनहार्ट. पंचविसाव्या वर्षी पहिला बरोक ऑर्केस्ट्रा काढला, 1979 ला ॲमस्टरडॅम बरोक ऑर्केस्ट्रा आणि 1992 ला त्याला जोडून गायकवृंद. 1994 ते 2004 या दहा वर्षांत बाख या अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराचे जेवढे कँटाटा (गायक आणि वाद्यांसाठीच्या, बहुतेक चर्चमधे गायच्या रचना) शिल्लक आहेत, म्हणजे सुमारे दोनशे, ते सगळे रेकॉर्ड केले, 22 खंड, 67 सीडी. मधेच रेकॉर्ड कंपनीचं धोरण बदललं आणि काम अर्ध्यात सोडायची वेळ आली तेव्हा या माणसाने 2003 साली स्वतःचं लेबल काढून ते पूर्ण केलं. बाख संपल्यावर 2005 पासून बुक्स्टेहुडं घेतला, सगळाच्या सगळा, आणि तेही 2014 पर्यंत संपवलं. बुक्स्टेहुडं म्हणजे ज्याला ऐकायला विशीतला बाख 1705 साली आर्नश्टाटहून ल्युबेकपर्यंत चारएकशे किलोमीटर चालत गेला असं सांगतात तो ऑर्गनवादक-संगीतकार. 2019 पासून कोपमन लाइपझिगच्या बाख-आर्काइव्हचे प्रेसिडेंट. एवढी कारकीर्द एका परिच्छेदात उरकली कारण मला सन्मानांची यादी द्यायची नाहीये, मला त्यांची काम करायची पद्धत सांगायचीय.

आधी लिओनहार्ट. त्यांच्या आधी हार्पसिकॉर्ड म्हटलं की वांडा लांडोव्स्का, आणि तिचं वाद्य म्हणजे पॅरिसच्या प्लेएल कंपनीने 1912 च्या सुमारास बनवलेलं, आत पियानोसारखी लोखंडी फ्रेम, जड, मोठ्या हॉलसाठी. लोकांना वाटायचं हेच ते बाखच्या काळातलं वाद्य. लांडोव्स्का थोर कलाकार होती यात वादच नाही, हे वाद्य तिनेच लोकांपुढे परत आणलं. पण म्युझियममधली खरी जुनी वाद्यं उघडून बघितली तर ती हलकी निघाली, पातळ लाकडाची, आवाज वेगळाच. मग ब्रेमेनच्या मार्टिन स्कोव्हरोनेकसारख्या कारागिरांनी त्यांच्यावरून बेतलेली वाद्यं बनवायला घेतली आणि 1962 साली त्याने लिओनहार्टना डुल्केन नावाच्या अठराव्या शतकातल्या कारागिराच्या वाद्यावरून एक बनवून दिलं. त्या एका वाद्याने किती जणांचे कान बदलले असतील सांगता येत नाही. लिओनहार्ट आणि ऑस्ट्रियाचा कंडक्टर हार्नोनकूर या दोघांनी 1971 ते 1990 एवढी वर्षं खर्च करून बाखचे कँटाटा रेकॉर्ड केले, जुन्या वाद्यांवर, आणि बाखच्या चर्चमधे बायका गात नसत म्हणून वरच्या पट्टीच्या गाण्याला लहान मुलांचे आवाज घेऊन.

आता बघा, अशा गुरूचा हा शिष्य. आणि शिष्याने काय केलं? मुलांच्या ऐवजी बायकांचे आवाज घेतले. कारणही दिलं, की बाखच्या काळी मुलांचा आवाज आजच्यापेक्षा बराच उशिरा फुटायचा, तेव्हा गाणाऱ्या मुलाच्या हाताशी कित्येक वर्षांचं शिक्षण असायचं, आज तेवढं शिकायच्या आत आवाज जातो, मग बाखला जे ऐकू आलं असेल त्याच्या जवळ कोण जाईल, अर्धवट तयार मुलगा की पूर्ण तयार बाई? लिओनहार्ट वाजवताना अगदी ताठ, चेहऱ्यावर रेषा हलायची नाही. कोपमन याच्या बरोबर उलट. मी त्यांना ऐकलंय तेव्हा ते मधोमध हार्पसिकॉर्डपाशी, झाकण काढून ठेवलेलं, एक हात पट्ट्यांवर तर दुसरा हवेत, मधेच अर्धवट उठतात, मधेच मान हलवून व्हायोलिनवाल्यांकडे बघून हसतात, आणि साथीत इतक्या मुरक्या घालतात की इथले काही समीक्षक त्यावरून त्यांना अजून बोलतात. गुरूसारखं काहीच नाही, आणि तरी ते लिओनहार्टांचेच शिष्य, यात इथे कुणाला शंका वाटत नाही. गुरूकडून त्यांनी घेतलं ते जुने ग्रंथ वाचायचं आणि जुनं वाद्य उघडून बघायचं वळण, वाजवणं मात्र स्वतःचं.

ही साखळी पुढे कुठे गेली तेही सांगते. जपानच्या कोबेहून मासाआकी सुझुकी नावाचा मुलगा ॲमस्टरडॅमला येऊन कोपमनांकडे शिकला, परत गेला, 1990 ला बाख कॉलेजियम जपान काढलं आणि 1995 ते 2013 मधे कोबेच्या एका चॅपेलमधे चर्चसाठीचे सगळे कँटाटा रेकॉर्ड केले. आज युरोपातले लोक ते ऐकतात आणि हे जपानी आहे म्हणून कौतुक करत नाहीत, चांगलं आहे म्हणून ऐकतात. उलट दिशेचंही उदाहरण आहे, रॉटरडॅमच्या कॉन्झर्व्हेटरीत हिंदुस्थानी संगीत रीतसर शिकवतात आणि हरिप्रसाद चौरसियांनी तिथे वर्षानुवर्षं डच मुलांना बासरी शिकवली.

आता इथला "मूळ"चा वाद. नेदरलँड्समधे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत बाखचं मॅथ्यू पॅशन (येशूच्या शेवटच्या दिवसांची कथा सांगणारी मोठी गायनरचना) गावोगाव होतं, मोठ्या हॉलमधे, छोट्या चर्चमधे, हौशी लोकांचंसुद्धा, माझ्या ऑफिसमधले देवाधर्माशी काही घेणंदेणं नसलेले लोकही दरवर्षी जातात. याची सुरुवात ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊ सभागृहात कंडक्टर विलेम मेंगेलबर्गने 1899 साली केली. मोठा ऑर्केस्ट्रा, शेकडो गायक, संथ लय, बरेच भाग कापलेले. दोन-तीन पिढ्यांच्या डच लोकांसाठी तेच खरं मॅथ्यू पॅशन होतं, आईवडलांबरोबर जाऊन ऐकलेलं, रडलेलं. 1939 चं त्याचं रेकॉर्डिंग आहे, मी ऐकलंय, त्यातली उत्कटता खोटी नाही. पण ते बाखचं 1727 चं नव्हतं, मेंगेलबर्गचं 1899 चं होतं. हे सगळ्यात आधी ज्यांना खटकलं त्यांनी 1921 मधे बाख सोसायटी काढली आणि 1922 पासून नार्डेनच्या चर्चमधे काटछाट न करता पॅशन गायला लागले. (त्याच 1921 च्या जुलैत मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान करत होते, तारखा शेजारी ठेवल्या की मला नेहमी गंमत वाटते.) पण नार्डेनवाल्यांचीही वाद्यं आधुनिकच होती, जुनी वाद्यं यायला आणखी बरीच दशकं लागली. म्हणजे प्रत्येक पिढीला वाटलं आम्ही मुळापर्यंत पोचलो आणि पुढच्या पिढीने अजून एक थर उकरून दाखवला.

आणि हे उकरणं कसं चालतं बघा. 1981 साली जोशुआ रिफ्किन नावाच्या अमेरिकन संशोधकाने म्हटलं की बाखचा कोरस, म्हणजे गायकवृंद, यात प्रत्येक पट्टीच्या आवाजाला एकच गायक, चार पट्ट्या तर चार माणसं, बस. केवढा गहजब झाला. कोपमन याच्या विरुद्ध होते आणि अजून आहेत. पण भांडण कशावर झालं? एका कागदावर. 23 ऑगस्ट 1730 ला बाखने लाइपझिगच्या नगर कौन्सिलला एक अर्ज दिला, चर्चचं संगीत नीट चालवायचं तर काय काय लागतं असा. त्यात तो म्हणतो, प्रत्येक कोरसला कमीत कमी बारा गाणारे हवेत, आणि सोळा मिळाले तर जास्त बरं. पुढे शाळेतल्या मुलांची नावं घेऊन हिशेब देतो, 17 कामाची, 20 अजून तयार व्हायची आहेत आणि 17 अगदीच निरुपयोगी. वैतागलेला मास्तर दिसतो अगदी त्या कागदात. कोपमन म्हणतात, बघा, बाख स्वतः सोळा मागतोय. दुसरी बाजू म्हणते, सोळा हवेत ते यादीत, आजारी पडणारे, दुसऱ्या चर्चला जाणारे, वाद्य वाजवायला लागणारे धरून, प्रत्यक्ष गायला किती उभे राहायचे ते हाताने लिहून काढलेल्या गायकांच्या प्रतींवरून ठरवा, आणि त्या तर एका आवाजाला एकेकच मिळतात. मग कोपमन म्हणतात, एका कागदावरून तिघेजण गाऊ शकत नाहीत का? 1990 च्या दशकात अर्ली म्युझिक नावाच्या जर्नलमधे अंकामागून अंक हे चाललं होतं. वाद मिटलेला नाही. दोन्ही प्रकारे कार्यक्रम होतात, लोक दोन्हीकडे जातात. मला यातलं जे आवडतं ते हे की दोन्ही बाजूंना तो कागद पाठ आहे. "आमच्या गुरूंनी असं सांगितलं" एवढ्यावर तिथे कुणाची सुटका नाही, आणि "आजकालच्या लोकांना हेच आवडतं" एवढ्यावरही नाही.

आता काकांना विचारते. सौभद्र 1882 चं. त्यात शंभरावर पदं आहेत. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या वेळी ही पदं कशी गात असतील? त्यातल्या कितीतरी चाली लावणीवरून, कीर्तनातल्या साक्या-दिंड्यांवरून, कर्नाटकी पदांवरून घेतलेल्या, लहान, पटकन म्हणून पुढे जायच्या, कारण शंभर पदं म्हणायची तर प्रत्येकाला दहा मिनिटं देऊन चालणारच नाही, साधा हिशेब आहे. साथीला तेव्हा सारंगी आणि तबला, ऑर्गन बऱ्याच पुढे आला. गंधर्वांच्या काळात गाणं फुललं, साथीला कादरबक्ष सारंगीवर आणि थिरकवाँसाहेब तबल्यावर, वन्समोअर पडायचे, पदाची मैफल व्हायची. ते दिव्यच होतं, मी तिथे वाद घालत नाहीये. पण ते गंधर्वांचं सौभद्र. काका ज्याला मूळ म्हणतायत ते बहुधा त्याच्याही नंतरचं, त्यांच्या लहानपणी ज्येष्ठ नटांकडून ऐकलेलं. म्हणजे ते मेंगेलबर्गचं पॅशन जपतायत, आणि जपावंच, फक्त त्याला अण्णासाहेबांचं नाव देऊ नये.

मामेभावालाही विचारते. तू म्हणतोस अडीच तासात बसवायचं तर पदं कापावीच लागतात. पण किर्लोस्करी पद्धतीने, छोट्या चालींत, लय चढी ठेवून गायली तर किती पदं बसतील हे कुणी करून बघितलंय का? मला वाटतं बरीच जास्त बसतील, आणि नाटकही पळेल, कारण पद तिथे संवादाचंच काम करतं. ज्याला तू जुनं आणि लांबलचक म्हणून कापतोयस ते लांबलंय तेच मुळी नंतर. मॅथ्यू पॅशनचं इथे नेमकं हेच झालं, जुन्या वाद्यांवाल्यांनी लय वाढवली, कापलेले भाग परत घातले, आणि लोकांना ते जास्त जवळचं वाटायला लागलं. बदल हवा म्हणणाऱ्याला सगळ्यात नवा बदल कधीकधी सगळ्यात जुन्या वहीत सापडतो.

आणि आपल्याकडे तर बाखवाल्यांना स्वप्नातही मिळणार नाही असा खजिना आहे, ध्वनिमुद्रणं. बाख कसा वाजत होता हे कुणी ऐकलेलं नाही, हे लोक क्वान्ट्सचा 1752 चा ग्रंथ, बाखच्या मुलाचा 1753 चा, असे ग्रंथ वाचून वाचून मुरकी वरून सुरू करायची की खालून हे ठरवतात. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या नाट्यपदांच्या तबकड्या आहेत. तीन-साडेतीन मिनिटांच्या, खरखर आहे, पण त्यात लय ऐकू येते, शब्द कसे टाकलेत ते ऐकू येतं, तान कुठे घेतलीय आणि कुठे मुद्दाम घेतली नाहीये ते कळतं. किती गायकांनी बसून त्या कागद-पेन्सिल घेऊन ऐकल्यात? काही लोक करतायत हे काम, मनापासून करतायत, पण ते अजून संग्राहकांचं वेड समजलं जातं, नाटक बसवणाऱ्याच्या तालमीचा भाग होत नाही.

याचं कारण माझ्या मते असं आहे की बाखची साखळी मधे तुटली होती. तो 1750 ला गेला, पॅशन अडगळीत पडलं, 1829 ला बर्लिनमधे मेंडेल्सोहनने बाहेर काढलं तेही कापून. साखळी तुटली हे त्यांना माहीत होतं म्हणून ते कागदांकडे गेले. आपली गुरुमुखी विद्या, आपल्याला वाटतं साखळी अखंड आहे, म्हणून मागे वळून बघायची गरजच वाटत नाही. गुरुमुखी विद्येची ताकद मी कमी लेखत नाही, जे कानाने मिळतं ते आकड्यांवरून भरून काढताना या लोकांची किती दमछाक होते ते मी बघते. पण तोंडातून तोंडात जाताना गोष्ट प्रत्येक वेळी थोडी हलते, आणि शंभर वर्षांत बरीच हलते.

वाद्यांचं तेच. आकाशवाणीवर 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला बंदी होती, कारण तिचे सूर ठोकळेबाज, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही, श्रुती (बारा सुरांच्या मधले बारीक सूर) येत नाहीत. हा वाद घरी अजूनही निघतो आणि लोक फक्त बाजू घेतात. पण आमच्याच सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाबरोबर श्रुती मोजायचा, श्रुतींची पेटी करून घ्यायचा उद्योग केला होता, अब्दुल करीम खाँसाहेब त्यात होते. चूक की बरोबर ते सोडा, भांडणारी माणसं वाद्य घेऊन बसली होती. अलीकडे डॉ. विद्याधर ओकांनी 22 श्रुतींची पेटी केली. हार्पसिकॉर्डवाल्यांचा हा रोजचा विषय आहे. त्यांच्याकडे सप्तकातले बारा सूर सारख्या अंतरावर वाटून टाकण्याच्या आधीच्या, सूर लावायच्या कितीतरी पद्धती आहेत, वर्कमायस्टरने 1691 ला छापलेली एक आजही वापरतात, आणि षड्जासारखा त्यांचा जो आधाराचा सूर तोही आधुनिक 440 हर्ट्झऐवजी साधारण 415 वर. कार्यक्रमाच्या मध्यंतरात लोक कॉफीला जातात तेव्हा एक माणूस किल्ली घेऊन एकेक तार परत लावत बसलेला असतो, दिव्यांच्या उष्णतेने उतरलेली असते ना. मी बरेचदा कॉफी सोडून तेच बघत उभी राहते. दोन सूर पूर्ण न जुळल्याने आवाजात ज्या लाटा उठतात त्या कुठवर येऊ द्यायच्या हे तो कानाने ठरवतो, तंबोरा लावणाऱ्यासारखंच.

आणि तंबोऱ्यावरून मिरज. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, सगळ्यांनी ग्रुपवर टाळ्या टाकल्या. छान झालं. पण त्या ग्रुपमधल्या गाणाऱ्यांपैकी किती जणांकडे मिरजेचा तंबोरा आहे आणि किती जण फोनवरच्या ॲपवर रियाज करतात? मी दोष देत नाही, फ्लॅटमधे जागा नसते, परदेशात नेताना भोपळा फुटतो, मला माहीत आहे. पण कारागीर शिक्क्यावर जगत नाही, ऑर्डरवर जगतो. स्कोव्हरोनेक, उट्रेख्तचा क्रूसबर्गेन (कोपमनांची हार्पसिकॉर्डं त्याच्याकडची) ही माणसं उभी राहिली कारण वाजवणाऱ्यांनी हट्ट धरला की आम्हाला असंच वाद्य पाहिजे आणि पैसे मोजले.

इथे सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नये. 2011 साली इथल्या सरकारने संस्कृतीच्या बजेटमधून 200 दशलक्ष युरो कापायचं ठरवलं आणि पुढच्या दोन-चार वर्षांत कितीतरी संस्था बंद पडल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. कॉन्सर्टला बसलं की आजूबाजूला बहुतेक पांढरी डोकी असतात, तिकिटं महाग असतात, मुलांच्या शाळेतलं संगीत कमी झालंय. जुन्या वाद्यांच्या लोकांतही कर्मठपणा होताच, आमचंच खरं म्हणणारे इथेही भेटतात. सांगलीत किंवा पुण्यात एखाद्या संगीत सभेत जेवढे विशी-तिशीतले लोक सतरंजीवर बसलेले दिसतात तेवढे मला इथे दिसत नाहीत. म्हणून तर जीव तुटतो. ऐकणारी तरुण माणसं आपल्याकडे आहेत, तबकड्या आहेत, वह्या आहेत, मिरज आहे, आणि वाद घालतोय तो कीबोर्ड की ऑर्गन एवढाच.

कोपमनांचं अजून एक काम मला इथे महत्त्वाचं वाटतं. बाखचं एक मार्क पॅशन होतं, 1731 चं, शब्द शिल्लक आहेत, संगीत हरवलं. कोपमनांनी बाखच्याच दुसऱ्या रचनांमधून त्या शब्दांवर बसतील असे भाग निवडले आणि मधले गद्यासारखे गायचे भाग स्वतः लिहिले, बाखच्या पद्धतीने, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी रेकॉर्ड केलं. बाख स्वतः जुन्या चालींवर नवे शब्द बसवत असे, तीच रीत त्यांनी वापरली, आणि कुठला भाग कुठून घेतला हे सगळं सांगून टाकलं. आवडलं नाही अशीही माणसं आहेत. पण हे करायला जी निर्भयता लागते ती तीस-चाळीस वर्षं जुने कागद वाचल्याने येते. त्यांनी आयुष्यभर जमवलेला जुन्या पुस्तकांचा, छापील स्वरलिपींचा संग्रह आता बेल्जियममधे गेंटच्या ऑर्फियस इन्स्टिट्यूटकडे आहे, तिथे अभ्यासकांना तो बघता येतो. आणि नार्डेनची ती बाख सोसायटी 2014 पासून बाखची एकेक रचना उत्तम चित्रीकरण करून इंटरनेटवर फुकट टाकतेय, कुणीही कुठूनही बघा.

तर ग्रुपवरच्या सगळ्यांना, आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही, माझी मागणी छोटी आहे. काका, तुमच्याकडे माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या नाट्यपदांच्या वह्या आहेत, नोटेशन आणि मार्जिनमधे पेन्सिलने लिहिलेल्या सूचना, कुठे लय वाढवायची, कुठे सारंगीने थांबायचं. त्या कुणाला देऊ नका, पण प्रत्येक पानाचा फोटो काढून मला पाठवा, दिवसाउजेडी, फ्लॅश न लावता. मामेभावाने त्या हौशी मंडळींशी ओळख आहे म्हणून सांगितलंय, त्याने त्यांना विचारावं की सौभद्राचा फक्त पहिला अंक, सगळ्या पदांसकट, चढ्या लयीत, सारंगी-तबल्यावर करून बघाल का, ट्रॅक न लावता. सारंगीवाला मिळणं अवघड आहे हे मला माहीत आहे, त्याचा खर्च मी उचलते. आणि इथे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी अशा वह्या, जुन्या तबकड्या किंवा माळ्यावर पडलेला पायपेटीचा ऑर्गन असेल त्यांनी खाली लिहा, कुठल्या गावी आहे आणि कशा अवस्थेत आहे, मी यादी करायला सुरुवात केलीय.